चौदा महिने

आमच्याकडची निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. बारामतीत विचारा, इंदापुरात विचारा. बाहेरचा माणूस ऐकून चक्रावतो. पण त्यात गूढ काही नाही. शाळा जूनमध्ये भरायची, पोरगं दारात उभं असायचं, जन्माचा कागद कुणाकडे नसायचा, आणि गुरुजी नाहीतर बाई पेन उघडून तारीख ठरवून टाकायच्या. पोराला सांगायचं, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कानाला बोटं लागली की सहा वर्षं पुरी. नाही लागली तर पुढच्या वर्षी ये, पळ.

त्या बायांपैकी मी एक. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी झाली, शेवटी शेवटी मुख्याध्यापिका म्हणून. शिस्तीची बाई म्हणून माझं नाव होतं. डस्टर फेकून मारणारी, पालकांना पोरांसमोर झापणारी, साहेब तपासणीला आले तरी खुर्चीवरून लवकर न उठणारी. घरी आमचे हे म्हणायचे, "तुझी जीभ म्हणजे चालती करवत." त्यांचं बारामतीत हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे त्यांना उपमा तिथल्याच सुचतात.

पण एका बाबतीत मी फार मऊ होते. आईबाप पोराला घेऊन यायचे आणि हळूच म्हणायचे, "बाई, वय जरा कमीच लावा. पुढं नोकरीला उपयोगी पडतं." भरतीला वयाची अट असते, नोकरी लागली तर तेवढी वर्षं जास्त मिळतात, हे अडाणी माणसालाही ठाऊक असायचं. मी लावायची. कुणाचे सहा महिने, कुणाचे आठ. माझं काय जात होतं? शाईचा एक फटकारा. पोरांच्या आया मग गावभर सांगायच्या की बाईंचा हात लागला की पोराचं भलं होतं. मला ते आवडायचं. पुण्य इतकं स्वस्तात मिळत असेल तर कोण सोडतं?

ज्या शाळेची ही गोष्ट, ती सणसरच्या पुढच्या एका वस्तीवर होती. दोन खोल्या, दोन शिक्षक. मी बारामतीहून एसटीनं सणसरला उतरायची आणि तिथून कॅनॉलच्या कडेनं चालत जायची. वाटेत पहिलं घर तात्यांचं. तात्या म्हणजे उसाची शेती करणारे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, बोलायला कमी. पहिल्याच दिवशी घामाघूम होऊन मी त्यांच्या दारावरून चालले होते तर आतून हाक आली, "नव्या बाई व्हय? पाणी पिऊन जावा." तेव्हापासून मधल्या दोन बदल्यांची वर्षं वगळून चौदा-पंधरा वर्षं मी त्यांच्या ओट्यावर पाणी प्यायले. ईदला शीरखुर्म्याचा डबा आधी त्यांच्याकडे उघडायचा, मग शाळेत. एखाद्या ईदला उशीर झाला तर वहिनी, म्हणजे तात्यांची बायको, भांडायला बसायच्या.

त्या शाळेवर रुजू झाले त्याच वर्षी मार्चमध्ये वस्तीवर एक लग्न होतं. मी जेवायला गेले होते. वस्तीवरच्या एका मजुराची बायको नऊ महिन्यांची गरोदर, तिला पंगतीत मांडी घालून बसवेना. ती भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. मीच तिच्या ताटात भात वाढला, दोनदा. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिला मुलगा झाला. तिच्या सासूनं शाळेत येऊन साखर वाटली, आणि मी चिमूटभर तोंडात टाकून म्हटलं होतं, "आमचा विद्यार्थी आला म्हणायचा."

हे सगळं एवढ्यासाठी सांगते की त्या पोराची जन्मतारीख जगात ज्यांना नक्की ठाऊक होती, त्यांत मी एक होते. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सात वर्षांनी ती बाई त्याला घेऊन शाळेत आली. तोवर नवरा गेलेला. मधलं एक वर्ष पोरगं तिच्या माहेरी कुणाच्या तरी शेळ्यांमागं फिरलेलं. कान धर म्हटल्यावर त्यानं कान तर धरलाच, वर ओढूनही दाखवला. आई म्हणाली, "बाई, वरीस वाया गेलंय त्याचं. कमी लावा की. बाप न्हाय त्याला." बाप नाही म्हटल्यावर माझा हात आणखीनच सैल सुटला. पाडव्याऐवजी मी त्याचा जन्म पुढच्या सालच्या एक जूनला लिहिला. चौदा महिने उडवले. इतके मी कुणाचेच उडवले नव्हते. ती पाया पडायला वाकली तर मी तिलाच ओरडले, "उठ आधी! पाया कसल्या पडतेस? वह्या आण त्याच्या."

पोरगं हुशार होतं, पाढे पाठ, हिशेब तोंडी. पण तापट. चौथीत असताना पाटी मारून एकाचं डोकं फोडलं, का तर त्यानं पेन्सिल परत दिली नाही. मी त्याला चांगला चोपला, मग दुपारी माझ्या डब्यातली अर्धी पोळी दिली. मला तो आवडायचा, हे कबूल करते. मला माझाच स्वभाव त्याच्यात दिसायचा, आणि आपल्या दोषाचं दुसऱ्यात कौतुक वाटतं माणसाला. मोठा होऊन निवळेल म्हणायची मी. चौथी झाली आणि तो दुसऱ्या शाळेत गेला, मग कुठं कुठं ट्रॅक्टरवर जायला लागला. भेटला की "बाई" म्हणून थांबायचा.

आणि एका डिसेंबरात भिगवणला हायवेवर एका मासळीच्या हॉटेलात त्यानं मालकावर कोयता चालवला. भांडण कसलं, तर मालक म्हणाला, मोटरसायकल दारातून बाजूला घे. एवढंच. मालकानं डावा हात मध्ये घातला म्हणून मानेवरचा घाव हातावर निभावला. हात वाचला, पण निकामी झाला.

आठवड्याभरानं त्याची आई माझ्या दारात. तेव्हा मी बदलीनं फिरून त्याच शाळेवर मुख्याध्यापिका होते. ती सांगत होती, की वकील म्हणतोय, पोरगं अठराच्या आत ठरलं तर मोठ्यांच्या कोर्टात खटला चालणार नाही, सुधारगृहात ठेवून सोडतील. नाहीतर जीवे मारण्याच्या प्रयत्नाखाली सात-आठ वर्षं तरी आत. जन्माचा दाखला कुठंच नाही. शाळेचं रजिस्टर तेवढं आहे. "बाई, तुमच्या शबदावर माझं पोरगं हाय," ती म्हणाली. तिच्या खऱ्या हिशेबानं तो तेव्हा पावणेएकोणीसचा होता. माझ्या रजिस्टरात साडेसतरा. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. आम्ही दोघींनी त्यावर एक अक्षर काढलं नाही.

मला बारामतीच्या कोर्टातून बोलावणं आलं. मोठं रजिस्टर जुन्या साडीत गुंडाळून घेऊन गेले. बाहेर बाकावर तो हॉटेलवाला बसला होता, हात गळ्यात बांधलेला. मी कोण ते त्याला कुणीतरी सांगितलं असावं. उठून आला आणि म्हणाला, "बाई, माझं गेलं ते गेलं. पण त्याचं खरं वय सांगा. मी त्याचं डोळं बघितल्यात. ह्यो पुन्यांदा करनार."

मी काय म्हणाले असेन? "मला माझं काम शिकवू नका," असं म्हणाले. तेही वर्गात बोलते त्या आवाजात. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. तो गप जाऊन बसला. आज ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

आत सरकारी वकील तरुण होता, सभ्य. त्यानं एकच नेमका प्रश्न विचारला. "मॅडम, ही तारीख तुम्ही अंदाजानं लिहिलीत का? खेड्यात एक जून लिहायची पद्धत आहे, म्हणून विचारतो." त्यानं मला दार उघडून दिलं होतं. अंदाजानं लिहिली, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. शाळेची नोंद बाजूला पडली असती, डॉक्टरनी हाडांची तपासणी करून वय ठरवलं असतं. मला एवढं मोठं खोटंही बोलावं लागलं नसतं आणि त्याच्या आईलाही तोंड दाखवता आलं असतं.

मी म्हणाले, "नाही. आईनं सांगितली तीच तारीख लिहिली आहे. माझ्या रजिस्टरात अंदाज नसतो."

शपथ घेताना मी मनात अल्लाचं नाव घेतलं होतं. त्यालाही पाच मिनिटं झाली नव्हती.

का बोलले? त्या आईची माया आली, हे खरं. वर्षानुवर्षं मी हेच कारण स्वतःला सांगत आले. पण आता या वयात उगाच साळसूदपणा नको. मायेइतकीच अब्रूची भीती होती. अंदाज म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, मग बाकीच्या नोंदींचं काय? भरकोर्टात माझी वीस वर्षांची रजिस्टरं रद्दी ठरली असती. शिस्तीची बाई पोरांची वयं वाटत सुटली होती, हे तालुकाभर झालं असतं. ते मला सहन होणार नव्हतं. म्हणून मी मान ताठ ठेवून खोटं बोलले, आणि ताठ मानेवर लोकांचा विश्वास बसतोच.

तो अल्पवयीन ठरला. आठ-नऊ महिन्यांनी घरी आला. आई पेढे घेऊन आली, मी एक खाल्ला. घरी आमच्या ह्यांना सांगितलं तर ते खिळ्यांच्या पुड्या बांधत होते. बांधता बांधता म्हणाले, "पोरगं वाचलं ते ठीक. पण तू आता त्याची जामीन झालीस, लक्षात ठेव." मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" ते पुढची पुडी बांधायला लागले.

आणि मी खरंच विसरले. हे लिहायला हवं. पहिले काही महिने त्याची चौकशी केली, मग निवृत्ती जवळ आली, निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. तो कुठं आहे, काय करतो, मला पत्ता नव्हता. जामीन झालेल्या माणसानं निदान दारावरून चक्कर तरी मारायची असते.

त्याला सुटून अडीच वर्षं झाली असतील. तात्यांची मुलगी बारामतीला एका दवाखान्यात नर्स होती. माझीच विद्यार्थिनी. त्याच्या दोन वर्षं पुढं. तशी अबोल, बापावर गेलेली, पण वर्गात कुणाचं रक्त निघालं की पहिली धावायची. रात्रपाळी संपवून सकाळी स्कूटीवरून घरी येत होती. कॅनॉलच्या रस्त्यावर दोघांनी गाडी आडवी घातली, गळ्यातली चेन ओढली. चेन घेऊन गेले असते तर एवढ्यावर भागलं असतं. पण तिनं एकाला ओळखलं. सोबतच्या पोरानं नंतर पोलिसांना सांगितलं, की ती त्याला नावानं म्हणाली, "अरे, तू?" बस्स. ओळखलं म्हणून त्यानं कोयता काढला.

सकाळी आठला फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. कोणी मारलं ते दुपारपर्यंत कळलं नव्हतं. कळलं तेव्हा मी मोरीत जाऊन बसले. आमचे हे दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभे. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मी मयतीला गेले. वहिनींनी मला मिठी मारली आणि माझ्याच खांद्यावर रडल्या. "बाई, तुमी शिकवली हो तिला, तुमी शिकवली," एवढंच म्हणत होत्या. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या हाताची मला किळस येत होती, पण काढणार कसा?

पुढं मी त्या घरी दर आठवड्याला जायला लागले. सांगेन म्हणून जायची आणि न सांगता यायची. एसटीत बसताना वाक्य जुळवायची, सणसरला उतरेपर्यंत ते विरून जायचं. वर तात्यांचा माझ्यावर भरवसा वाढत चालला. पोलिसांचा कागद आला, दाखवा बाईंना. वकिलाची चिठ्ठी आली, बाई वाचतील. आपण भल्या माणसाच्या घरात चोरासारखं बसायचं आणि त्यानं आपल्यालाच राखणीला ठेवायचं, असं चाललं होतं.

त्याच दिवसांत त्या पोराची आई मला इंदापूरच्या स्टँडवर भेटली. वाळून काटकी झालेली. मला वाटलं, शिव्या देईल नाहीतर पुन्हा काही मागेल. ती बाकावर माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "बाई, तवा त्याला आत जाऊ द्यायला पायजे हुतं आपन. आत असता, पर खुनी तर झाला नसता." आपण म्हणाली. मला एकटीला दोष दिला नाही तिनं. तिची गाडी लागली आणि ती पिशवी सावरत निघून गेली.

त्या दिवशी मी इंदापूरला गेले होते ते एका ओळखीच्या वकिलाला भेटायला. सगळं सांगितलं, काही न लपवता. पहिल्यांदाच कुणाला तरी. म्हातारा, अनुभवी माणूस. चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "बाई, या खुनाशी तुमचा कायद्यानं काडीचा संबंध नाही. कोयता त्यानं चालवला, डोकं त्याचं, हात त्याचा. तुम्ही तेव्हा खरं बोलला असता, तर तो आत असता असं तरी कोण सांगणार? जामिनावर सुटला असता. अपिलात सुटला असता. साक्षीदार फुटला असता. 'जर-तर'वर खटला चालत नाही."

मी विचारलं, "आणि खोटी साक्ष?"

"तो वेगळा गुन्हा. पण तुम्ही खोटं बोललात हे तुमच्याशिवाय आणि त्या आईशिवाय कुणाला माहीत आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. आता तर तो दोन्ही तारखांनी सज्ञान आहे. या खटल्यात त्याच्या वयाचा प्रश्नच नाही. तुमचं खरं कुणाच्या उपयोगाचं नाही. घरी जा, नमाज पढा, मन शांत ठेवा."

शहाणा माणूस. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. मी जिना उतरून खाली आले आणि लक्षात आलं की मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि तसं काही वाटत नव्हतं. कायदा मला हात लावत नव्हता, म्हणजे आता मला कुणी पकडून नेणार नव्हतं. जायचं असेल तर माझं मलाच जावं लागणार होतं.

तरी आणखी महिना गेला. इतकी मी शूर!

मग एके दुपारी तात्यांचा फोन आला. "बाई, एक कागद आलाय. इंग्रजीत हाय. पुतण्यानं मोबाईलवर लावून बघितला, पर काय अर्थ लागंना. येताल का?"

गेले. तात्या ओट्यावर बसले होते. आत भांड्यांचा आवाज, वहिनी चहाच्या तयारीत असाव्यात. तात्यांनी पिशवीतून कागद काढला. त्यांना एकच गोष्ट डाचत होती, की भिगवणच्या प्रकरणात एवढा कोयता चालवूनही तो बाहेर आला कसा. सरकारी वकिलाच्या मागं लागून लागून त्यांनी त्या जुन्या आदेशाची नक्कल मिळवली होती. "हे वाचून सांगा," ते म्हणाले. "तवा त्याला सोडला कुनी, एवढंच मला कळू द्या. एकदा कळलं की मग मी कुनाला इचारनार न्हाय."

चार पानं होती. दुसऱ्या पानावर मधोमध माझं नाव. साक्षीदार क्रमांक एक, मुख्याध्यापिका. खाली लिहिलेलं, की साक्षीदार अनुभवी व निःपक्षपाती आहे, तिनं तारीख अंदाजानं लिहिल्याचं ठामपणे नाकारलं आहे, तिच्यावर अविश्वास ठेवायला कारण दिसत नाही.

मी पहिलं पान मराठीतून सांगितलं. दुसऱ्या पानावर आले आणि त्या परिच्छेदावरून उडी मारली. हो, मारली. म्हटलं, "शाळेच्या नोंदीवरून वय ठरवलं. अठराला सहा महिने कमी होते. म्हणून सुधारगृहात पाठवला आणि मग सोडला."

"कुठल्या शाळंची नोंद?"

"आपल्याच."

तात्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आपल्या शाळंची म्हंजी तुमच्या हातची. मग ती बरूबरच असनार." आणि कागदाची घडी घालायला लागले. "मला वाटत हुतं, कुनीतरी पैसं खाल्लं असतील, कुनीतरी खोटं केलं असंल. पर तुमच्या हातची नोंद म्हंजी त्यात कोर्टाची तरी काय चूक? पोरगं ल्हान हुतं, सोडलं. नशीब आपलं, दुसरं काय." त्यांच्या चेहऱ्यावर, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, जरा सैलपणा आला होता.

मला तो सैलपणा बघवेना. माझं खोटं आता त्या माणसाच्या उशाला जाऊन बसणार होतं, आणि तो त्याच्यावर डोकं ठेवून झोपणार होता.

"तात्या, घडी घालू नका," मी म्हटलं. "मी एक भाग वाचला नाही."

त्यांनी कागद परत दिला. मी तो परिच्छेद वाचला, मराठीत, शब्दाला शब्द. माझं नाव आलं तेव्हा नावासकट वाचलं. मग म्हटलं, "हे खोटं आहे. ती नोंद चुकीची आहे हे मला कोर्टातही ठाऊक होतं. तो पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मला हे त्याच्या आईनं मला सांगायचीही गरज नव्हती, त्याच्या जन्माची साखर मी खाल्लेली. चौदा महिने मी कमी लावले. तो अठराच्या वर होता. मला विचारलं, अंदाज का, आणि मी ताठ मानेनं नाही म्हणाले. तो हॉटेलवाला मला सांगत होता, हा पुन्हा करणार. मी त्याला गप बसवला."

मला वाटलं, ओरडतील. हात उगारतील. उगारला असता तर मी तोंड पुढं केलं असतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "किती म्हैनं?"

"चौदा."

"आन हे तुमाला तवापासनं म्हाईत?"

"हो."

"तुमी मयतीला आला हुता, तवाबी?"

"हो, तात्या."

ते उठले. मला वाटलं, आता 'निघा' म्हणतील, आणि मी निघण्यासाठी पर्स जवळ ओढलीही. खरं सांगते, त्या क्षणी मला ते हवं होतं. शिव्या खाऊन, हाकलून घेऊन, मोकळं होऊन एसटीत बसायचं. पण ते माझ्याकडे आले नाहीत. दाराशी गेले आणि आत हाक मारली, "अगं, भाईर ये. हातातलं ठिव आन ये."

वहिनी कपबशा घेऊनच आल्या. "आले की. बाईंचा च्या झालाच हाय." दोघांकडं बघून त्या थांबल्या. तात्यांनी त्यांच्या हातातल्या कपबशा घेऊन खाली ठेवल्या आणि त्यांना माझ्यासमोर बसवलं. मग मला म्हणाले, "बाई, आता हिला सांगा. मला सांगितलंत तसंच. काय गाळू नका."

तात्यांना सांगताना मला कागदाचा आधार होता, कागदाकडे बघून बोलता येत होतं. आता कागद त्यांच्या हातात होता आणि समोर वहिनींचा चेहरा. मी पहिल्यापासून सुरू केलं. कान धरण्यापासून, त्या एक जूनपासून. कोर्टातला प्रश्न सांगितला, माझं उत्तर सांगितलं. चहावर साय धरली.

सांगून झालं तेव्हा त्यांना वय, नोंद, आदेश, यातलं फारसं काही उमगलं नसावं. त्यांनी त्यातून एकच गोष्ट उचलली.

"म्हंजी बाई," त्या म्हणाल्या, "तुमी तवा खरं बोलला असता, तर माझी पोरगी आज घरात असती?"

वकिलाचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. जामीन, अपील, साक्षीदार, जर-तर. त्यातलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं, आणि त्यांना ते पटलंही असतं, कारण मी सांगितलेलं त्यांना आजवर पटतच आलं होतं.

"हो," मी म्हटलं.